दोन धातूंची पट्टी : जॉन हॅरिसन

गेल्या हिवाळ्यात लोणारचे सरोवर पाहायला निघालेली एक जुनी इंग्रजी स्पोर्ट्‌स मोटार आमच्या साखरखेर्ड्यात येऊन थांबली. टप उघडा, बसायला दोनच जागा, आणि बुटकी इतकी की शेजारी उभा असलेला ट्रॅक्टर तिच्यावर वाकून पाहतो आहे असे वाटावे. पोरांचा गराडा पडला हे सांगायला नकोच. मालक मात्र घाबरलेला होता. डॅशबोर्डावरचा उष्णतेचा काटा एकदम टोकाला गेला होता. इंजिन जळणार या भीतीने त्याने गाडी बंद केली होती.

आमच्या गावच्या मिस्त्रीचा सारा जन्म जीप आणि ट्रॅक्टर यांत गेला. असली गाडी त्याने आयुष्यात प्रथमच पाहिली असावी. त्याने रेडिएटरवर हात ठेवला. तो नुसता कोमट होता. मग त्याने पेट्रोलचे मीटर पाहिले. टाकी अर्धी रिकामी असताना तोही काटा भरल्या टाकीच्या पुढे गेलेला! दोन मीटर एकाच दिवशी एकाच बाजूला बिघडायचे नाहीत; तेव्हा दोष दोघांच्या सामाईक वस्तूत असला पाहिजे, असा त्याने तर्क केला. डॅशबोर्डामागे हात घालून त्याने एक लहानशी पत्र्याची डबी शोधून काढली. बॅटरीचा दाब कमीजास्त होतो. तो मीटरांना सरासरी दहा व्होल्ट इतकाच पोचावा म्हणून ती डबी असते. तिचे अर्थिंग गंजाने तुटले होते. पॉलिश पेपरने घासून त्याने स्क्रू पुन्हा आवळला आणि दोन्ही काटे शहाण्यासारखे आपापल्या जागी आले. शेजारचे घड्याळ बंदच होते. त्याच्या आतला विजेचा पॉइंट जळाला असावा, ते घड्याळजीचे काम, असे सांगून त्याने त्याला हात लावला नाही.

गाडी गेली. मी तेथेच रेंगाळलो. मिस्त्रीने आपल्या खोक्यातून जीपचे एक निकामी मीटर काढून उघडून दाखवले. आत काट्याला जोडलेली एक बारीक पट्टी होती आणि तिच्याभोवती केसासारखी तार गुंडाळलेली. त्याने पट्टीखाली आगकाडी धरली. पट्टी हळूहळू वाकली आणि काटा सरकला! पट्टी दोन धातूंची असते. एक धातू उष्णतेने जास्त वाढतो, दुसरा कमी. म्हणून ती वाकते. टाकीतला तरंगता गोळा वरखाली होतो, त्याप्रमाणे तारेतली वीज कमीजास्त होते, पट्टी कमीजास्त तापते आणि काटा आपल्याला पेट्रोल किती ते सांगतो. त्या पत्र्याच्या डबीतही अशीच एक पट्टी वाकून वीज तोडते आणि सरळ होऊन पुन्हा जोडते. ही युक्ती कोणाची, असे मी विचारले. मिस्त्रीला ते ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शोध घेतला तेव्हा कळले की ही पट्टी मोटारीसाठी जन्मलीच नव्हती. पावणेतीनशे वर्षांपूर्वी एका सुताराने ती समुद्रावरच्या घड्याळासाठी बनवली. त्या सुताराचे नाव जॉन हॅरिसन.

हॅरिसनचा जन्म २४ मार्च १६९३ रोजी इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील फोल्बी या खेड्यात झाला. बाप हेन्री सुतारकाम करी. पुढे हे कुटुंब हंबर नदीकाठच्या बॅरो या गावी जाऊन राहिले. सहा वर्षांचा असताना जॉनला देवी आल्या आणि अंथरुणात मन रमावे म्हणून त्याच्या उशाशी एक घड्याळ ठेवण्यात आले, असे सांगतात. खरे किती, कोण जाणे! थोर माणसांच्या बालपणी अशा गोष्टी मागाहून चिकटतात. मात्र गावातल्या एका पाद्र्याने त्याला केंब्रिजच्या प्राध्यापकांच्या यंत्रशास्त्रावरील व्याख्यानांची हस्तलिखित प्रत वाचायला दिली आणि या पोराने ती आकृत्यांसकट उतरवून काढली, ही गोष्ट खरी आहे. शाळा-कॉलेजचा संबंध म्हणाल तर एवढाच.

१७१३ साली, विसाव्या वर्षी, त्याने पहिले घड्याळ केले ते लाकडाचे! चक्रे ओक लाकडाची आणि आस दुसऱ्या कठीण लाकडाचे. सुताराच्या पोराला जे हाताशी होते त्यातून त्याने काळ मोजला. १७२२ च्या सुमारास ब्रॉकल्सबी येथील एका सरदाराच्या तबेल्यावर त्याने मनोऱ्याचे घड्याळ बसवले. त्या काळी घड्याळाला तेल लागे आणि तेच तेल थंडीत घट्ट होऊन घड्याळाला दगा देई. हॅरिसनने जेथे घर्षण होते तेथे असे तेलकट लाकूड वापरले की बाहेरून तेल घालण्याची गरजच उरली नाही. ते घड्याळ तीनशे वर्षे उलटली तरी चालते आहे.

त्याच सुमारास, ऑक्टोबर १७२४ मध्ये, आमच्या साखरखेर्ड्याच्या माळावर निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान पडला, निजामाने दक्षिण आपल्या हाती घेतली आणि गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. पहिला बाजीराव या लढाईत निजामाच्या बाजूने होता, हे आज अनेकांना नवल वाटेल. येथे तोफा धडाडत होत्या तेव्हा तिकडे हा एकतीस वर्षांचा सुतार लंबकाच्या सळ्या मोजत बसला होता. दोन्ही गोष्टींचा काही संबंध नाही. पण शाळेत सनावळ्या पाठ करताना असे शेजारशेजारचे मुक्काम कोणी दाखवले असते, तर इतिहास इतका रुक्ष वाटला नसता!

लंबकाची भानगड अशी की उन्हाळ्यात धातू वाढतो, लंबक लांब होतो आणि घड्याळ मागे पडते. हॅरिसनने आपला भाऊ जेम्स याच्या साहाय्याने पितळ आणि पोलाद यांच्या सळ्या जाळीसारख्या एकत्र बांधल्या. पोलाद जितके खाली वाढे तितके पितळ वर उचली आणि लंबकाची लांबी होती तेवढीच राही. रात्री शेजाऱ्याच्या धुराड्याआड ठरावीक तारा जाताना पाहून तो आपली घड्याळे पडताळून घेई. महिन्याला एका सेकंदापेक्षा अधिक चूक होत नाही, असा त्याचा दावा होता. त्या काळची चांगली खिशातली घड्याळेदेखील दिवसाला मिनिटभर चुकत. दोन धातूंच्या पट्टीचे बीज या जाळीत आहे.

पण एका खेडवळ सुताराला इतक्या अचूक काळाचे काय करायचे होते? येथे थोडे विषयांतर करावे लागते.

पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. आमचे गाव ७६ अंश रेखांशाच्या थोडे पुढे आहे आणि भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची. म्हणून आमचा सूर्य प्रमाणवेळेच्या मागे सरासरी चोवीस मिनिटांनी माथ्यावर येतो. चोवीस मिनिटे म्हणजे बरोबर एक घटिका! लग्नघरी पाण्यात घटिकापात्र सोडीत, ते एकदा भरून बुडायला लागणारा हा वेळ. आपल्या जुन्या ज्योतिषांनी उज्जयिनीची रेषा मूळ धरली होती आणि गावोगावचे पंचांगकर्ते तिच्यापासूनचे देशांतर काढीत. ते जमिनीवर ठीक आहे. समुद्रात खुणेचा डोंगर नाही, झाड नाही. खलाशी दुपारी सूर्य पाहून आपली स्थानिक वेळ काढू शकतो; पण त्याच क्षणी मूळ बंदरात किती वाजले हे त्याला सांगणार कोण? ते सांगणारे घड्याळ जहाजावर असेल तर वेळेचा फरक गुणिले पंधरा अंश, की झाले रेखांश! लंबक मात्र हेलकावणाऱ्या जहाजावर चालत नाही.

याची किंमत माणसे जीव देऊन मोजत होती. २२ ऑक्टोबर १७०७ च्या रात्री ॲडमिरल शॉव्हेल याच्या ताफ्यातील चार युद्धनौका सिली बेटांच्या खडकांवर फुटल्या. चौदाशे ते दोन हजार खलाशी बुडाले आणि ॲडमिरलही वाचला नाही. चूक केवळ रेखांशाची नव्हती, असे पुढे अभ्यासकांनी दाखवले आहे. पण लोकांच्या मनाला ती घटना लागून राहिली. १७१४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला : वेस्ट इंडीजच्या प्रवासात अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणाऱ्याला वीस हजार पौंड. अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटे. सहा आठवड्यांच्या प्रवासात दोन मिनिटे म्हणजे दिवसाला तीन सेकंद. जहाज हलणार, हवा बदलणार, खारे वारे लागणार, आणि तरीही तीनच सेकंद! न्यूटनसारख्या पुरुषालादेखील असे घड्याळ होईल याचा भरवसा नव्हता. आकाशातच उत्तर आहे, अशी बहुतेक विद्वानांची खात्री होती.

१७३० साली हॅरिसन आराखडे घेऊन लंडनला गेला. राजज्योतिषी एडमंड हॅली याने त्याला जॉर्ज ग्रॅहॅम या नामांकित घड्याळजीकडे पाठवले. सकाळी दहाला सुरू झालेली बैठक रात्री आठला संपली. ग्रॅहॅमने प्रथम शंका काढल्या. निघताना बिनव्याजी पैसे दिले. आपला धंद्यातला प्रतिस्पर्धी होऊ शकेल अशा परक्या माणसाला असे पैसे देणारा ग्रॅहॅम मला या चरित्रात फार आवडतो.

पहिले सागरी घड्याळ १७३५ मध्ये तयार झाले. वजन चौतीस किलो! एकमेकांना जोडलेले दोन दांडे समोरासमोर झुलत, म्हणजे जहाजाचा हेलकावा एकाला पुढे ढकली तर दुसऱ्याला मागे, आणि गती होती तशीच राही. १७३६ मध्ये ते लिस्बनपर्यंत जाऊन आले. परतताना खलाशांनी समोर दिसणारी जमीन एक सांगितली, हॅरिसनने दुसरी. दोहोंत साठ मैलांचे अंतर होते, आणि खरा ठरला तो हॅरिसनच.

यानंतर तो मंडळापुढे उभा राहिला, तेव्हा वेस्ट इंडीजची चाचणी मागता आली असती. पण त्याने स्वतःच आपल्या घड्याळाचे दोष सांगितले आणि आणखी चांगले करण्यासाठी दोन वर्षे आणि पाचशे पौंड मागितले. हा माणूस आपल्याच कामाचा सर्वांत कठोर परीक्षक होता. दुसरे घड्याळ झाले, त्यात त्याला उणीव दिसली आणि त्याने ते समुद्रावर जाऊच दिले नाही. तिसऱ्याला त्याने दिली एकोणीस वर्षे. सुरुवात १७४० मध्ये, शेवट १७५९ मध्ये. भाग साडेसातशेहून जास्त. तोवर मोठा मुलगा वारला होता, दुसरा मुलगा विल्यम लहानाचा मोठा होऊन बापाच्या शेजारी कामाला बसला होता. पहिली बायको तर १७२६ मध्येच गेली होती. १७४९ मध्ये रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिले. तेही त्याने घेतले आणि पुन्हा कानशीकडे वळला.

त्या तिसऱ्या घड्याळाने त्याचे समाधान केले नाही, पण जगाला दोन वस्तू दिल्या. पहिली म्हणजे आपली पट्टी. पितळ आणि पोलाद यांच्या दोन पातळ पट्ट्या रिव्हेट मारून पाठीला पाठ जोडल्या. हवा तापली की ती वाके आणि चक्राच्या स्प्रिंगची लांबी आपोआप तेवढी बदले. जाळीच्या सळ्यांचे काम बोटाएवढ्या पट्टीत आले. दुसरी वस्तू म्हणजे पिंजऱ्यात बसवलेल्या रोलरांचे बेअरिंग. आमच्याकडच्या टायरगाडीच्या चाकात बेअरिंग असते ना, त्याचा हा पणजोबा!

आणि मग चौथे घड्याळ. १७५९ मध्ये पूर्ण झालेले हे घड्याळ तळहातापेक्षा थोडे मोठे, तेरा सेंटिमीटर व्यासाचे, दीड किलोच्या आतले. मोठ्या यंत्राच्या मागे तीस वर्षे घालवून शेवटी उत्तर लहान घड्याळात सापडले. त्याचे चक्र सेकंदाला पाच ठोके देई. इतक्या चपळ चक्राला जहाजाच्या संथ हेलकाव्याची पर्वा नव्हती. आत घर्षणाच्या जागी माणिक आणि हिरे होते. हॅरिसन आता सहासष्ट वर्षांचा होता.

नोव्हेंबर १७६१ मध्ये विल्यम ते घेऊन डेप्टफर्ड जहाजाने जमैकाला निघाला. वाटेत बिअर नासली आणि खलाशी पाणी पिण्याच्या कल्पनेने हवालदिल झाले. कप्तानाच्या अंदाजाने मदीरा बेटे अजून कोठेच नव्हती. विल्यमने घड्याळ पाहून सांगितले की हीच दिशा धरा, उद्या बेट दिसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बेट दिसले. जमैकाला पोचेपर्यंत, ८१ दिवसांत, घड्याळ सुमारे पाच सेकंद मागे पडले होते. दोन मिनिटांची मुभा होती. लागले पाच सेकंद!

वाचकहो, आपल्याला वाटेल की आता वीस हजार पौंड मिळाले. नाही. मंडळ म्हणाले की हा योगायोग असू शकतो आणि जमैकाचे रेखांश तरी पक्के कोठे ठाऊक आहेत? पुन्हा चाचणी. १७६४ मध्ये बार्बाडोसचा प्रवास झाला, ४७ दिवसांत चूक ३९ सेकंदांची, म्हणजे मागितले त्याच्या तिप्पट अचूक. तिकडे तपासणीला नेव्हिल मॅस्केलीन होता. तो चंद्राच्या ताऱ्यांपासूनच्या अंतरावरून रेखांश काढण्याच्या पद्धतीचा पुरस्कर्ता. पुढच्याच वर्षी तो राजज्योतिषी झाला आणि पदसिद्ध म्हणून मंडळावर आला. परीक्षार्थीच परीक्षक झाला, असे विल्यमला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही.

मात्र मॅस्केलीनला खलनायक करून टाकणे मला पटत नाही. त्याच्या कोष्टकांनी हजारो खलाशांना वाट दाखवली. चंद्र सर्वांना फुकट होता; घड्याळ एकच आणि तेही एका म्हाताऱ्याच्या हातचे. तो मेल्यावर काय, हा मंडळाचा प्रश्न वेडगळ नव्हता. वागणूक मात्र वाईट होती. १७६५ मध्ये हॅरिसनला परीक्षकांसमोर ते घड्याळ एक एक भाग सुटा करून शपथेवर समजावून द्यावे लागले, तेव्हा कोठे अर्धे बक्षीस पदरात पडले. उरलेल्या अर्ध्यासाठी अट अशी की असलीच आणखी दोन घड्याळे करून दाखव आणि असलेली सारी सरकारजमा कर. १७६६ मध्ये मॅस्केलीन स्वतः गाडी घेऊन त्याच्या दारात आला. घड्याळे उचलताना माणसांच्या हातून पहिले घड्याळ खाली पडले. तीस वर्षांपूर्वीचे ते, दोन भावांच्या हातचे. त्र्याहत्तर वर्षांचा हॅरिसन घरातच होता.

मग नमुनाही समोर नसताना त्याने पाचवे घड्याळ केले. डोळे आणि हात थकले होते. १७७२ मध्ये विल्यमने थेट राजापुढे गाऱ्हाणे नेले. तिसरा जॉर्ज स्वतः विज्ञानाचा षौकीन. त्याने आपल्या खासगी वेधशाळेत ते घड्याळ तपासायला ठेवले आणि ते भलतेच चुकू लागले! सर्वांची तोंडे उतरली. मग राजाला आठवले की जवळच्याच कपाटात आपण लोहचुंबकाचे खडे ठेवले आहेत. ते हलवले आणि दहा आठवड्यांत घड्याळ दिवसाला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच चुकले. १७७३ मध्ये पार्लमेंटने ८,७५० पौंड दिले. ती मंजुरी पार्लमेंटची. कायद्यातले बक्षीस मंडळाने शेवटपर्यंत कोणालाच दिले नाही.

लार्कम केंडॉल या कारागिराने चौथ्या घड्याळाची हुबेहूब प्रत केली होती. ती घेऊन कॅप्टन कुक १७७२ ते १७७५ पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, दक्षिणेच्या बर्फापासून उष्ण कटिबंधापर्यंत, आणि आरंभी साशंक असलेला तो या घड्याळाचा भक्त बनून परतला. ही वार्ता हॅरिसनने ऐकली असणार. १७७५ मध्येच त्याने एक पुस्तक छापले. त्यातली वाक्ये इतकी लांब आणि गुंतागुंतीची आहेत की घड्याळाचे सारे काटेकोरपण लेखणीला मात्र लाभले नाही. २४ मार्च १७७६ रोजी, त्र्याऐंशीव्या वाढदिवशीच, लंडनच्या रेड लायन स्क्वेअरमधील घरी तो वारला.

घड्याळे ग्रीनिचला पडून राहिली. १९२० मध्ये रूपर्ट गूल्ड हा आजारपणाने समुद्रावरून परतलेला नौदल अधिकारी ती पाहायला गेला. पहिल्या घड्याळावर हिरवट गंजाचे थर चढले होते. गूल्ड घड्याळजी नव्हता. त्याने परवानगी मागितली आणि साध्या ब्रशाने धूळ झटकायला सुरुवात केली. एकेक भाग सुटा करायचा, चित्र काढायचे, वहीत टिपायचे, पुन्हा जोडायचे. असे करीत १९३३ पर्यंत त्याने ती मोठी यंत्रे पुन्हा चालती केली. आज ती ग्रीनिचला पाहायला मिळतात. हॅरिसनच्या कल्पनांवर बांधलेल्या एका लंबकाच्या घड्याळाची चाचणी २०१५ मध्ये तेथेच झाली. शंभर दिवसांत ते पाऊण सेकंदही चुकले नाही. आणि २००६ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या नावाची शिळा बसवली, तिच्यावर रेखांशाची रेघ आखली आहे ती दोन धातूंच्या पट्टीचीच.

ही सारी हकीकत मी मिस्त्रीला सांगितली. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतली. त्याला बक्षिसाचे, राजाचे फारसे काही वाटले नाही. त्याने फक्त एवढेच विचारले की त्या तिसऱ्या घड्याळाला एकोणीस वर्षे लागली, तर तेवढे दिवस घर कोण चालवीत होते? मी सांगितले, मंडळ मधूनमधून पाचशे-पाचशे पौंड देत असे. तो जरा विचारात पडला. मग खोक्यातले ते निकामी मीटर फडक्यात गुंडाळून त्याने पुन्हा आत ठेवले, आणि ट्रॅक्टरचा मालक हाका मारीत होता तिकडे गेला.